झाडेकाकांची डायरी आणि काकूंचा कूलर

झाडेकाकांना ‘उद्या भेटू’ असं सहज म्हणू नये. ते तिथेच थांबतात, आतल्या खिशातून रेक्झिनचं पाकीट काढतात, पाकिटातून डिजिटल डायरी काढतात आणि विचारतात, “किती वाजता?” आपण बोलायचं म्हणून बोललेलो असतो, पण काकांची दात कोरायची काडी तोवर बटणांवर फिरायला लागलेली असते. “साडेसहा टाकतो. विषय काय टाकू?” मी एकदा वैतागून ‘काही नाही’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी बरोबर साडेसहाला दारात हजर. “सर, आज आपलं ‘काही नाही’ होतं.”

आमच्या शाळेतल्या पोरांनी ही वस्तू पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. मोबाइल घरोघरी यायच्या आधी हे तळहाताएवढं यंत्र मिळत असे. वर चार ओळींचा पडदा, खाली हरभऱ्याच्या दाण्याहून लहान बटणं. नावं, फोन, तारखा त्यात भरायच्या. वेळ झाली की ते टीट टीट करतं. काकांनी ते पंचवीसेक वर्षांपूर्वी अख्खा दिवाळी बोनस ओतून नागपूरहून आणलं. आज हे सगळं कोणाच्याही फोनमध्ये फुकट असतं. फोन काकांकडेही आहे, मुलीने घेऊन दिलेला. त्याचा नंबर पाठ होत नाही म्हणून त्यांनी तो डायरीत भरून ठेवला आहे.

त्या बोनसचा कूलर यायचा होता. वर्ध्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला काकूंचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको. पुढे दोन वर्षांनी कूलर आला, तो गंजला, दुसरा आला, आता तिसरा चालू आहे. पण पाहुणा आला आणि काकांनी खिशात हात घातला की काकू त्या कूलरसमोर बसून म्हणतात, “त्या पैशात कूलर आला असता.”

सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो पैसे पाण्यात गेले, दुसरा म्हणतो पंचवीस वर्षं टिकलेली वस्तू महाग कशी म्हणणार? मी पहिल्या पक्षाचा. काका माझ्याशी भांडायला डायरीतली जगाची घड्याळं काढतात. सकाळी आठला मी शाळेसाठी पळत सुटलेला असतो आणि हे फाटकातून ओरडतात, “सर, टोकियोत साडेअकरा झाले!” मला टोकियोतल्या शाळेत उशीर झाला असता तर त्याचा उपयोग होता.

एका गोष्टीत मात्र डायरीला तोड नव्हती. काका दरवर्षी चैत्रात शेताजवळच्या मारुतीला रोडगे करतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी. या जेवणाला आपल्याकडे आवतन लागतं, आणि ते घरी जाऊन तोंडाने द्यावं लागतं. फोनवरचं आवतन म्हणजे न येण्याची सोय. त्यातही दोन प्रकार. ‘एक पान’ म्हणजे घरातल्या एकाने यायचं. ‘चूलबंद’ म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी यायचं. चूलबंदवाल्याला चुकून एक पान सांगितलं तर तो तीन पिढ्या लक्षात ठेवतो.

काकांच्या डायरीत हे सगळं होतं. कोणतं घर चूलबंद, कुठे एक पान, कोणाला तिखट सोसत नाही, कोणाला कोणाच्या शेजारी बसवायचं नाही. चैत्र लागला की डायरी रोज संध्याकाळी वाजायची आणि काका टोपी घालून निघायचे. एवढ्या वर्षांत एकही घर सुटलं नव्हतं. “मानूस इसरते, मशीन इसरत नाई,” हे त्यांचं ब्रीद.

यंदा रोडग्यांना आठ दिवस असताना पडदा फिका पडू लागला. डायरीत दोन सेल असतात, एक मुख्य आणि एक राखीव. दोन्ही एकदम काढले की आतलं सगळं पुसलं जातं. हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण काकांनी ते गल्लीतल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. “एक काढाचा, दुसरा ठेवाचा. सासूले काढून सुनेले बसवाचं नाई, दोघी घरात पाह्यजे.” त्या दिवशी ते ओसरीवर नवे सेल घेऊन बसले होते. मी समोर चहा पीत होतो. काकू आतून म्हणाल्या, “अवो, घडीघडी खोलाखोली काऊन करता? दोन्ही एकदम बदलवून टाका ना.”

आणि काकांनी लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच बायकोचं ऐकलं.

नवे सेल बसले, पडदा उजळला, जगाची घड्याळं टकाटक चालू लागली. बाकी सगळं कोरं. काकांनी काडीने सगळी बटणं तीनतीनदा दाबली. मग डायरी बंद करून मांडीवर ठेवली. मी हसायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून चहाचा घोट घेतला. “माहा दादा गेला, सर,” ते म्हणाले आणि उठून आत गेले.

मला वाटलं कोणी वारलं. काकूंनी मला फाटकाजवळ गाठून खरं ते सांगितलं. काकांचे थोरले भाऊ जवळच्या आंजी गावात असतात. काका इथे राहायला आले आणि पहिल्यांदा वेगळे रोडगे केले, तेव्हा आवतनाची यादी एका पाकिटाच्या मागे लिहिली. तीत दादांचं नाव नव्हतं. “घरच्या मानसाले कोनी लिहिते का? तो तं येनारच, असं याईले वाटलं.” आणि दादांना वाटलं, सगळ्या गावाला सांगून झालं की शेवटी माझ्याकडे येईल. त्या दिवशी दादा आंघोळ करून, नवं धोतर नेसून दुपारपर्यंत दारात बसून होते. आवतन आलं नाही. आणि येईल या भरवशावर त्यांच्या घरी चूलही पेटवली नव्हती.

“पोरं उपाशी राह्यली दादाची,” काकू म्हणाल्या. “त्याच दिवाळीत याईनं हे मशीन आनलं. म्या कूलरचं बोलते, बोलू नाई तं काय करू? पन पहिली एन्ट्री दादाची होती. दादा, आंजी, चूलबंद. दरवर्षी ते वाजे, आन् हे बटन दाबून बंद करत.”

“गेले नाहीत कधी?”

“मयतीले गेलतो आमी, लग्नाले गेलतो. आवतनाले नाई. कोन्या तोंडानं जावं म्हनत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फाटकात उभे. टोपी होती, खिशात पाकीट नव्हतं. “सर, तुमची गाडी काढा. आंजीले जाचं हाय.” मी विचारलं, बाकीच्या घरांचं काय? “बाकीच्यायचं मले आठोत नाई. सगळ्यायले चूलबंद सांगून टाकतो, जे होईन ते होईन. हे एकच घर आठोते.”

वाटेत अर्धा तास ते माझ्यामागे गाडीवर टोपी धरून बसले होते. आंजीला दादा अंगणात तुरीच्या काड्यांचा झाडू बांधत होते. ऐंशीच्या घरातला वाळका, ताठ माणूस. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या, पोरं पुण्याला. काका अंगणाच्या तोंडाशी थांबले. मला वाटलं आता मागे फिरतात. मग एकदम घाईने, धडा म्हणावा तसे म्हणाले, “दादा, शनिवारी रोडगे हायेत. चूलबंद आवतन हाय तुले.”

दादांनी झाडू खाली ठेवला नाही. “पंचवीस वर्षं काऊन नाई आला?”

“दरवर्षी एन्ट्री होती, दादा. डायरीत तुहं नाव पहिलं होतं.”

“म्या का डायरीत राह्यतो का बे? आंजीत राह्यतो!”

काकांनी टोपी काढून हातात घेतली. मीच काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर दादाच पुन्हा म्हणाले, जरा हळू आवाजात, “आन् चूलबंद कायले म्हनतं? एकटाच तं हावो म्या. एक पान म्हन.”

“नाई,” काका म्हणाले. “चूलबंदच.” आणि रडायला लागले. भर अंगणात, टोपी हातात घेऊन, पोरासारखे.

दादांनी हातातल्या झाडूची गाठ आवळली. मग विचारलं, “गोवऱ्या कोन रचते तुह्याकडे?”

“म्याच.”

“म्हनूनच कच्चे राह्यत असतीन. ऐकलं हाय म्या लोकायपासून.” दादा उठले, आत गेले आणि एका पिशवीत धोतर कोंबून बाहेर आले. दाराला कडी घातली. शनिवारला अजून सात दिवस होते, हे सांगायची हिंमत मला झाली नाही.

माझ्या गाडीवर तिघं बसणं शक्य नव्हतं. काकांनी माझ्या हातातून किल्ली घेतली, डोळे पुसले, दादांना मागे बसवलं आणि “सर, एसटी येईनच” एवढं म्हणून निघून गेले. दादा मागून त्यांच्या कानात ओरडत होते की वांगी बाजारातून आणू नकोस, शेतातली घे, आणि काका जोरजोरात हो म्हणत होते. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि मी आंजीच्या स्टँडवर रजेचा अर्ज मनातल्या मनात लिहीत उभा. एसटी खचाखच भरून आली. आयुष्यात इतक्या आनंदाने मी एसटीत उभा राहिलेलो नाही.