दोन तास पंधरा मिनिटांची पाटी

फॉर्ममध्ये तो शेवटचा रकाना नसता, तर यातलं काहीच झालं नसतं.

नाव आणि वय मी खरं लिहिलं होतं. (टी-शर्टचा साइज मीडियम लिहिला, पण त्याला खोटं म्हणत नाहीत, आशा म्हणतात.) मग आला तो रकाना: हाफ मॅरेथॉन पूर्ण करायला तुम्हाला अंदाजे किती वेळ लागेल? मी प्रामाणिकपणे 'तीन तास' टाइप केलं आणि नेमकी तेव्हाच राधिका चहाचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"तीन तास?" ती म्हणाली. "तेरा मैलच आहे ना?"

"तेरा पूर्णांक एक दशांश."

"बरं बाबा. मी काही म्हटलं का?"

राधिका काहीतरी म्हणते तेव्हा मी वाद घालू शकतो. काही म्हणत नाही तेव्हा माझा नाइलाज असतो. मी तीन खोडून दोन केले. नुसते दोन तास म्हणजे जरा उद्धटपणा झाला असता, म्हणून पुढे पंधरा मिनिटं जोडली. आकडा कसा अभ्यास करून काढल्यासारखा दिसला पाहिजे. डेटाबेसच्या नोकरीत मी गेली अठरा वर्षं हेच करतोय.

आता माझ्या तयारीबद्दल. आमच्या बेसमेंटमध्ये एक ट्रेडमिल आहे. तिच्यावर टॉवेल फार छान वाळतात. शिवाय इथे आमच्या नेपरव्हिल गावातल्या मराठी मंडळाचा एक रनिंग ग्रुप आहे. दर शनिवारी सकाळी सहाला नदीकाठी जमायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर मेंबर बेचाळीस, पळायला येणारे सहा आणि नंतर पोह्यांना एकोणीस. मी त्या सहांमधला होतो, हे मी अभिमानाने सांगतो. बाकीचे पाच मला फक्त सुरुवातीला आणि पोह्यांच्या वेळी दिसायचे, हे नाही सांगितलं तरी चालेल.

त्या पाचांमध्ये शोभनाकाकू होत्या. वय बासष्ट. नाशिकला तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या, आणि मग मुलाकडे इथे आल्या. थंडीत वेळ जाईना म्हणून चालायला लागल्या, चालण्याने भागेना म्हणून पळायला. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या गावची हाफ मॅरेथॉन दोन तास पंधरा मिनिटं नऊ सेकंदांत पूर्ण केली. हे नऊ सेकंद त्यांच्या मनातून जाईनात. या डिसेंबरमध्ये त्या कायमच्या नाशिकला परत जाणार होत्या, म्हणजे ही शेवटची संधी.

"सवादोन तासांच्या आत," त्या म्हणायच्या. "एक सेकंद आत असला तरी चालेल. पण आत."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी मी स्टार्ट लाइनजवळ पोचलो तेव्हा कळलं की फॉर्मवर जी वेळ लिहिली असेल, त्या वेळेच्या माणसांत उभं राहायचं असतं. माझ्या भोवतीची माणसं चवळीच्या शेंगेसारखी होती आणि उगाच जागच्या जागी उड्या मारत होती. मीही दोन मारल्या. तिसरी जपून ठेवली.

आमच्यापुढे पेसर उभा होता. पेसर म्हणजे काठीला लावलेली वेळेची पाटी हातात घेऊन, बरोब्बर त्या वेगाने पळणारा माणूस. त्याच्या मागे मागे राहिलं की पाटीवरच्या वेळेला आपण पोचतो. आमचा पेसर टॉड नावाचा पन्नाशीचा फायरमन होता आणि पाटीवर ठळक अक्षरांत २:१५ लिहिलेलं होतं. शोभनाकाकू त्याच्या अगदी पाठीशी, बुटांच्या नाड्या तिसऱ्यांदा तपासत.

सुटायला सात मिनिटं उरली होती. टॉडने इकडेतिकडे पाहिलं, माझ्यावर त्याची नजर स्थिरावली. (माझा चेहराच असा आहे. एअरपोर्टवरसुद्धा अनोळखी माणसं मला बॅग बघायला सांगतात.)

"बडी, दोन मिनिटं धरशील?" म्हणून त्याने काठी माझ्या हातात दिली आणि निळ्या प्लॅस्टिकच्या तात्पुरत्या संडासांकडे धूम ठोकली.

दोन मिनिटं झाली. पाच झाली. राष्ट्रगीत झालं. टॉडचा पत्ता नव्हता. (आतली कडी अडकली होती, हे मला फार उशिरा कळलं.) भोंगा वाजला, माणसं हलली. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, मागे तीस-पस्तीस जण आणि माझ्या हातात पाटी. खाली टाकावी तर दुसऱ्याची वस्तू. मी विचार केला, तो फायरमन आहे, आग लागल्यासारखा पळत येईल. तोवर आपण चार पावलं पळू.

मी पळायला लागलो. आणि माझ्यामागे तीस-पस्तीस माणसं माझ्यावर विश्वास टाकून पळायला लागली. लग्नातसुद्धा माझ्यामागे इतकी माणसं नव्हती.

"अनीश?" शेजारून शोभनाकाकूंचा आवाज आला. "तू पेसर कधी झालास?"

"आत्ताच," मी म्हणालो. ते अगदी खरं होतं.

पहिला किलोमीटर भीतीने झाला. घड्याळाने टिंग केलं. मागून लाल दाढीवाला एक धिप्पाड माणूस ओरडला, "पेस काय आहे?"

"सिक्स मिनिट्स!" मी ऐटीत सांगितलं.

मागे हाहाकार उडाला. इथे सगळा हिशेब मैलात. माझं घड्याळ मात्र मी पहिल्या दिवसापासून किलोमीटरवर ठेवलं होतं, कारण त्यात आकडा लहान दिसतो. मैलाला सहा मिनिटं म्हणजे ऑलिंपिकच्या आसपास. दोघी जणी रडकुंडीला आल्या.

"किलोमीटर! किलोमीटरला सहा!" काकू मागे वळून ओरडल्या. "म्हणजे मैलाला नऊ मिनिटं एकोणचाळीस. अनीश, आपल्याला दहा-अठरा हवंय. हळू."

मला आयुष्यात कुणी 'हळू पळ' असं पहिल्यांदाच म्हणत होतं. मी मोठ्या मनाने वेग कमी केला. कमी केला तो केलाच. पुढे तो आपोआपच कमी होत गेला.

तिसऱ्या मैलाला माझ्या छातीत कुणीतरी भाता चालवायला घेतला. चौथ्याला पाटी जड झाली. मी ती शेजारच्या एका तरुणाला देऊ केली. त्याने हात जोडल्यासारखे करून, "नो नो, यू आर डुइंग ग्रेट," असं म्हटलं. पाटी कुणालाच नको होती. सगळ्यांना फक्त तिच्यामागे यायचं होतं.

पाचव्या मैलाला पाण्याचं टेबल होतं. मी ग्लास घेऊन थांबलो. पस्तीस माणसं थांबली.

"वॉक ब्रेक?" दाढीवाल्याने विचारलं.

"स्ट्रॅटेजी," मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि मागच्यांना सांगितलं, "स्ट्रॅटेजी." शब्द मागे मागे जात राहिला. काकू मात्र घड्याळाकडे बघत होत्या.

सहाव्या मैलाच्या वळणावर राधिका आणि आमची चौदा वर्षांची नैना पोस्टर घेऊन उभ्या होत्या. मी आल्यावर त्या दोघी पाहतच राहिल्या. सगळ्यात पुढे मी, हातात झेंड्यासारखी पाटी, मागे फौज.

"ओ माय गॉड, डॅड, यू आर लीडिंग देम!"

राधिकाने फोन वर केला. त्या फोनसाठी मी अर्धा मैल असा पळालो, की त्याची किंमत मला पुढचे दोन मैल मोजावी लागली.

आठव्या मैलाला माझा डावा पाय म्हणाला, पुरे. उजवा अर्ध्या मैलापूर्वीच म्हणाला होता. मी बुटाची नाडी बांधायचं नाटक करून रस्त्याच्या कडेला वाकलो. म्हटलं, आता तरी पुढे जातील. उठून पाहतो तर सगळे कंबरेवर हात ठेवून माझी वाट बघत उभे.

शोभनाकाकू जवळ आल्या. थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम होता. आणि चेहऱ्यावर ओरडण्यापलीकडचं काहीतरी. मला एकदम त्यांचे ते नऊ सेकंद आठवले आणि नाडीचं नाटक पुढे चालवेना.

"काकू," मी मराठीत म्हणालो, "मी पेसर नाही. त्या माणसाने मला काठी दोन मिनिटं धरायला दिली होती. फॉर्मवरचा माझा टाइमही खोटा आहे. माझ्यामुळे तुमची रेस गेली. सॉरी."

"व्हॉट डिड ही से?" दाढीवाल्याने काळजीने विचारलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघतात तसं. मग माझ्या हातातली काठी काढून घेतली.

"तो म्हणतोय," काकू इंग्रजीत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आत्तापर्यंत आपण ताकद वाचवली. आता खरी रेस. अडीच मिनिटं मागे आहोत, पाच मैल बाकी. प्रत्येक मैलात तीस सेकंद काढायचे. जमतंय?"

"येस!" पस्तीस जणांनी सांगितलं.

"मग बोलत काय उभे राहिलात?"

आणि ती पाटी अशी काही निघाली, की दहा मिनिटांपूर्वी माझ्या हातात होती ती हीच, हे मला ओळखू येईना. वळणावर ती दिसेनाशी झाली. आजूबाजूची मेपलची झाडं लालभडक झाली होती. त्यांच्याखाली मीही.

नवव्या मैलाच्या सुमाराला मागून धडधडत टॉड आला.

"माझी पाटी कुठाय?"

"पुढे गेली."

"कुणाबरोबर?"

"एका आजींबरोबर."

टॉडने आधी माझ्याकडे आणि मग आकाशाकडे पाहिलं. काहीतरी पुटपुटला, ते मी ऐकलं नाही असं ठरवलं, आणि तो पुढे पळाला. (आजी त्याला फिनिश लाइनपर्यंत सापडल्या नाहीत. फायरमन असून.)

मी उरलेलं अंतर चालत, लंगडत आणि दोनदा एका बाकावर बसून पूर्ण केलं. तीन तास चार मिनिटं. म्हणजे पहिल्यांदा टाइप केलेला आकडा जवळजवळ बरोबर होता. मेडल गळ्यात पडलं. समोरून राधिका धावत आली.

"अरे, होतास कुठे? मघाशी फिनिश केलंस, तेव्हापासून शोधतोय आम्ही तुला!"

"मी आत्ता फिनिश केलं."

राधिका थांबली. "पुन्हा?"

"पुन्हा नाही. आत्ताच."

"काहीतरीच काय! दोन-चौदाला तुझी पाटी आली. मी व्हिडिओ काढलाय. मंडळाच्या मोठ्या ग्रुपवर टाकलाय. नागपूरला तुझ्या आईंना पाठवलाय."

व्हिडिओत खरंच पाटी दिसत होती. पाटीखाली फक्त गर्दी, हात आणि लाल दाढी. राधिकाने बोटांनी चित्र मोठं केलं, मग आणखी मोठं केलं.

"या तर शोभनाकाकू आहेत."

"हो."

"सो," नैना शांतपणे म्हणाली, "यू डिडन्ट रन इट ट्वाइस. यू बेअरली रॅन इट वन्स."

व्हिडिओ डिलीट करायची वेळ टळून गेली होती. ग्रुपवर एकसष्ट जणांनी माझं अभिनंदन केलं होतं आणि आईने नागपूरच्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटायची तयारी चालवली होती. मी फोन मागितला आणि तिथेच फुटपाथवर बसून खरं काय ते सगळं ग्रुपवर लिहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं, 'अभिनंदन शोभनाकाकूंचं करा.' त्या अख्ख्या सकाळीत माझं सरळ धावलेलं तेवढं एकच वाक्य.

काकू मला फिनिशजवळच्या तंबूपाशी सापडल्या. अंगाभोवती चंदेरी कागदाची शाल, एका हातात केळं आणि दुसऱ्या हातात काठी. टॉड ती परत मागत होता आणि त्या देत नव्हत्या.

"काकू, किती?"

"दोन-चौदा-सेहेचाळीस," त्या म्हणाल्या. केळं माझ्या हातात कोंबून त्यांनी डोळे पुसले. "अरे, चौदा सेकंद आत. चौदा!"

दाढीवाला येऊन काकूंच्या पाया पडायच्या बेतात होता. त्याला कुणीतरी शिकवलं असावं.

नोव्हेंबरात मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात शोभनाकाकूंचा सत्कार झाला. शाळेचं भाड्याने घेतलेलं सभागृह, तीनशे माणसं. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो होतो. काकू माइकपाशी आल्या, आणि त्यांनी पहिलं नाव माझंच घेतलं.

"हे श्रेय अनीशचं आहे," त्या म्हणाल्या. माना वळल्या. मी उठून उभा राहिलो, हात जोडले. राधिकाने पुन्हा फोन वर केला.

"मी अगदी मनापासून सांगते," काकू पुढे म्हणाल्या. "गेल्या वर्षी माझी चूक काय झाली? मी सुरुवातीलाच फार जोरात पळाले आणि शेवटी दमले. यंदा अनीश पुढे होता. पहिले आठ मैल त्याच्या मागे पळताना मला इतकी विश्रांती मिळाली, इतकी विश्रांती मिळाली, की नाशिकला सुट्टीत जाऊनसुद्धा मिळत नाही. ज्याला ज्याला आपली वेळ सुधारायची आहे, त्याने पुढच्या वर्षी आठ मैल अनीशच्या मागे राहावं."

सभागृह दणाणून गेलं. कार्यक्रम संपायच्या आत पुढच्या वर्षासाठी माझ्यामागे राहायला सतरा जणांनी नावं दिली होती. यादी राधिकाकडे आहे. पहिलं नाव तिचंच आहे.