आगंतुक पक्ष्याची तिसरी हाक

जो आपल्या आधी आला तो पूर्वज आणि जो आपल्या नंतर आला तो उपद्रव, हा निसर्गाचा नियम आहे. आमच्या शहरात तो विशेष काटेकोरपणे पाळला जातो, कारण शहर समुद्रकाठी आहे आणि इथे सगळेच कधी ना कधी बोटीतून उतरलेले आहेत. (काहीजण सामान घेऊन, काहीजण सामानातून.)

सामानातून उतरलेल्यांपैकी एक पक्षी आहे. राखाडी अंग, पिवळी चोच, मूठभर जीव. कुणा हौशी खलाशाने पिंजऱ्यातून आणला आणि पिंजऱ्याचे दार नीट लागत नव्हते, एवढाच त्याचा इतिहास. पण तो स्थानिक पाखरांची घरटी बळकावतो, पहाटे नागरिकांची झोप मोडतो आणि एकूणच शिस्त बिघडवतो, असे लक्षात आल्यावर (कुणाच्या, ते आता कुणाच्या लक्षात नाही) आगंतुक पक्षी शोध कार्यालय स्थापन झाले. कार्यालयाला इमारत मिळाली, इमारतीला फाटक मिळाले, फाटकाला पहारेकरी मिळाला. राहता राहिला पक्षी.

पक्षी डोळ्यांनी शोधू नये, असा कार्यालयाचा पहिला नियम आहे. डोळे फसतात. शोध कानांनी घ्यावा. पथक झाडाखाली उभे राहते, कर्ण्यावर पक्ष्याची हाक वाजवते आणि श्वास रोखून उत्तराची वाट पाहते. उत्तर आले की पक्षी आहे. एकाच झाडातून तीन तपासण्यांत उत्तर आले, की ते झाड 'आश्रयदाते' ठरते आणि तोडले जाते. (पक्षी पकडण्याची तरतूद नाही. पक्षी उडतो. झाड उडत नाही.)

पहिल्या वर्षी पथक एकच होते आणि पक्षी एकही सापडला नाही. हा हलगर्जीपणा मानून दुसरे पथक नेमले, तर त्याच आठवड्यात पक्षी दोन ठिकाणी ओरडला. चार पथके झाली तेव्हा शहराचा कोपरान् कोपरा बोलू लागला. जिथे पथक जात नाही तिथे पक्षीही जात नाही, असे आढळले. यावरून तो माणसाळलेला, आणि म्हणूनच अधिक धोकादायक असल्याचे सिद्ध झाले. नागरिकांना हाक ओळखता यावी म्हणून ती प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवण्यात आली. लोकांनी उत्तम सहकार्य केले. जिन्यात, दवाखान्यात, मयताला गेल्यावरसुद्धा ती वाजवून पाहिली.

आता त्या झाडाविषयी.

गल्लीच्या टोकाला ते झाड होते आणि झाडाखाली एक शिंपीणबाई. तिची खोली एवढी लहान, की मशीन आत नेले तर बाई बाहेर राही आणि बाई आत गेली तर मशीन. म्हणून दोघी झाडाखाली. नवरा गेल्यापासून ती सावली हेच तिचे दुकान. सूर्य फिरे तशी सावली सरके आणि बाई मशीन तिच्यामागे ओढत नेई, दावणीचे वासरू न्यावे तशी. मशीनवर पाय चालता चालता ती गुणगुणे:

समुद्र ओलांडून । आलं पाखरू पाहुणं
माझ्या झाडाच्या फांदीला । नाही कुणाचं कुंपण

(पथकाने याची नोंद 'किरकोळ गोंगाट' अशी केली.)

झाडाची पाने रहिवाशांच्या गाड्यांवर पडत, हा त्याचा पहिला गुन्हा. दुसरा गुन्हा असा, की दोन तपासण्यांत त्यातून हाकेला उत्तर आले होते.

पथकप्रमुख हे बाईचे सख्खे दीर, तिचे भाऊजी. दुसऱ्या तपासणीनंतर ते नैसर्गिक विधीसाठी मागच्या गल्लीत गेले, तेव्हा तिथे शेजारच्या विभागाचे पथक त्याच झाडाकडे कर्णा रोखून आनंदाने उत्तर लिहून घेत होते. लग्नात एकाच कापडाचा सदरा घालून आलेल्या व्याह्यांनी पाहावे तसे दोघा प्रमुखांनी एकमेकांकडे पाहिले. दोघेही समजूतदार होते. दोघांनी आपापल्या वह्या मिटल्या.

पण रक्ताचे नाते नसले तरी मिठाचे असतेच. शेजारच्या प्रमुखांशी बोलणे करून भाऊजी तिसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी झाडाखाली येऊन बसले.

"वहिनी, उद्या काळजी करू नका. आमचा कर्णा एकदा वाजवून बंद करतो. पलीकडचा वाजणारच नाही."

"मग पक्षी ओरडायचा कसा?"

"नाहीच ओरडणार."

"म्हणजे तो नाहीच."

"असं मोठ्यानं म्हणू नका, वहिनी. माझ्या दोन मुली कॉलेजात आहेत."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली गॅलऱ्यांत जमली. हातात चहाचे कप, खांद्यावर टॉवेल. कर्णा एकदा वाजला आणि थांबला. बाईने मशीनवरून पाय उचलला. एवढी शांतता त्या गल्लीने कधी ऐकली नव्हती. पान पडले तरी कळत होते, आणि ती तर पडतच होती. वेळ संपत आली. 'उत्तर नाही' असे लिहायला भाऊजींनी पेनाचे टोपण काढले.

आणि हाक आली. वरून. स्वच्छ, खणखणीत, अगदी कार्यालयाने पाठवली होती तशी.

सगळ्यांनी झाडाकडे पाहिले. भाऊजींनी मात्र गॅलऱ्यांकडे पाहिले. पण डोळे फसतात, हा नियम त्यांनीच ज्याच्याकडून पाठ करून घेतला होता, त्या सहायकाने तोवर 'उत्तर आले' असे लिहिले होते.

"भाऊजी," बाई हळूच म्हणाली, "ते झाडातून नाही आलं."

"तिसऱ्यांदा आलं, वहिनी," भाऊजी म्हणाले, आणि टोपण लावू लागले. ते लागेना.

झाड दुपारपर्यंत आडवे झाले. आगंतुक पक्षी निघाला नाही, म्हणजे मोहीम यशस्वी झाली. एक घरटे निघाले, त्यात बाईच्या मशीनखालचे लाल-निळे दोरे विणलेले होते. ते स्थानिक पक्ष्याचे ठरले. त्याच्या पुनर्वसनाची तरतूद नाही.

कार्यालयाच्या झरोक्यात सध्या राखाडी अंगाचे, पिवळ्या चोचीचे एक जोडपे काड्या आणून टाकते. काड्या साहेबांच्या टेबलावर पडतात आणि शिपाई त्या झाडून टाकतो. जोडपे कुणाला उत्तर देत नाही. त्यामुळे ते तिथे नाही.

ती हाक कुठल्या गॅलरीतून आली, याचा तपास कार्यालयाने केला नाही. तशी गरजही नव्हती, कारण ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही नुसती गंमत म्हणून वाजवलीत, हे मान्य. मोबाइल हातातच होता, सगळे किती गप्प होते, आणि गाडीवरची पाने रोज पुसायची म्हणजे वैतागच की. शिवाय झाड पडल्यावर 'अरेरे' असे सर्वांत आधी तुम्हीच म्हणालात.

बाईचा पत्ता आता कोणाला ठाऊक नाही. तिच्याकडे खालून दुमडायला दिलेली तुमची पॅन्ट परत मिळालेली नाही आणि दुसरा शिंपी फार लांब पडतो, ही तुमची तक्रार मात्र कार्यालयाला पोहोचली आहे.

तिच्यावर सहानुभूतीने विचार सुरू आहे.