मंगलदीप सोसायटीचं सशुल्क बोलणं

बोलणं फुकट आहे म्हणूनच जगात इतकं बोललं जातं, या निष्कर्षाला मानपाड्याच्या मंगलदीप सोसायटीचे सेक्रेटरी सुदेश घाडी बऱ्याच चिंतनाअंती पोहोचले. निमित्त होतं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं. पहाटेपासून गुलाबाची फुलं, सुविचार आणि मधुमेहावर कारल्याचा रस. त्यात महत्त्वाचं काही (म्हणजे सुदेशरावांची परिपत्रकं) बुडून जायचं.

त्यांनी ठराव मांडला: यापुढे ग्रुपवर लिहायचं तर आधी शुल्क. शुभेच्छांना साधा दर. तक्रारीला दुप्पट, कारण तिच्यामुळे शांतता भंगते. मदत मागायला तिप्पट, कारण त्यासाठी दुसऱ्याला उठावं लागतं. अंगठा दाखवणं आणि हात जोडणं मात्र विनामूल्य (माणुसकी टिकली पाहिजे, यावर सुदेशराव ठाम होते).

योजना कमालीची यशस्वी झाली. ग्रुप शांत झाला. नगरसेवक होऊ घातलेल्या बंटीने तेवढा वार्षिक पास काढला आणि रोज स्वतःच्या हसऱ्या फोटोसह शुभेच्छा देऊ लागला. तिसऱ्या मजल्यावरची हेमांगी रोज ‘पाणी आलंय, भरून घ्या’ असं कळवायची. तिच्याकडे शुल्काची मागणी गेली.

“अहो दादा, पाणी काय माझ्या माहेरून येतं? मी कशाला पैसे भरू?” असं म्हणून ती ग्रुपमधून बाहेर पडली आणि जिन्यात उभी राहून ओरडून सांगू लागली.

मे महिन्यातल्या एका दुपारी सुदेशराव टाकी बघायला गच्चीवर गेले. वॉचमन धोंडीबाने नेहमीप्रमाणे बाहेरून कडी घातली (गच्ची दुपारी बंद ठेवण्याचं परिपत्रकही सुदेशरावांचंच). फरशी भाजत होती. खजिनदार जयेशला फोन लावला, तो झोपलेला. बायकोला लावला. ती कळव्याला बहिणीकडे गेलेली.

“मग ग्रुपवर टाका की!” ती म्हणाली.

सुदेशरावांनी तिप्पट दर भरला आणि लिहिलं, ‘गच्चीवर अडकलोय. कुणीतरी दार उघडा.’

मेसेज सगळ्यांनी वाचला. अंगठे आले. जोडलेले हात आले. बंटीने फोटोसह ‘गच्चीवरील बांधवांना हार्दिक शुभेच्छा’ दिल्या. माणूस कुणी आला नाही. एवढे अंगठे पडलेत म्हणजे कुणीतरी गेलंच असणार, असं प्रत्येकाला वाटलं. सुदेशरावांच्या घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटी पद विसरून ते दारावर थापा मारत ओरडले, “अरे, आहे का रे कोणी?”

कडी काढली हेमांगीने. तिने त्यांना जिन्यातल्या सावलीत बसवलं, पाणी पाजलं.

“कुणाला कळवायचं नाही का, दादा?”

“सगळ्यांना कळवलेलं गं,” ते म्हणाले.

पुढच्या सभेत रीतसर चौकशी झाली. योजनेत दोष आढळला नाही. संदेश सर्वांपर्यंत पोहोचला होता, प्रतिसादही भरघोस होता. चूक एवढीच की दोन सभासद ग्रुपबाहेर फुकट ओरडले. सबब, जिन्यात, गच्चीवर वा खिडकीतून हाक मारण्यासही यापुढे शुल्क लागेल, असा ठराव आला. सुदेशराव बोलायला उठले. विरोधाचा दर चौपट आहे, हे जयेशने नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. सुदेशराव खाली बसले.

ठराव एकमताने संमत झाला. वाचक तिथे असते, तर त्यांनी पदरचे पैसे भरून विरोध नोंदवला असता, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.