छत्रीचे इंग्रजी मनोगत

बोलता येणे आणि बोलण्यासारखे काही असणे या दोन वेगळ्या बाबी असून, क्लास फक्त पहिल्या बाबीचे निघतात. दुसरी प्रत्येकाकडे असतेच, असे शिक्षणशास्त्र धरून चालते.

चष्मेवाले आजोबा अशाच एका संध्याकाळच्या इंग्रजी क्लासात दाखल झाले. उभा जन्म त्यांनी गिऱ्हाइकांच्या नाकावर भिंगं चढवण्यात आणि "आता दिसतंय?" एवढंच विचारण्यात घालवला होता. क्लासचं कारण घरगुती होतं. मुलगा परदेशी, नात तिकडेच जन्मलेली, तिला इंग्रजीखेरीज काही कळत नसे. दर रविवारी ती फोनच्या पडद्यावर यायची, हात हलवायची आणि आजोबा शब्द जुळवेपर्यंत खेळायला पळायची. आजोबांच्या ते जिव्हारी लागायचं.

"मला तीनच वाक्यं शिकवा," ते क्लासच्या बाईंना म्हणाले. "जेवलीस का, शाळेत काय शिकवलं, आणि आमची आठवण येते का."

बाईंनी खेदपूर्वक कळवलं की ही वाक्यं 'उपयुक्त संभाषण' या गटात मोडतात आणि तो गट संस्थेने बंद केला आहे (उपयुक्त बोलताना विद्यार्थी लाजतात, असं निष्पन्न झालं होतं). सध्या 'सर्जनशील संभाषण' चालू होतं. त्यात निर्जन बेटावर काय न्यायचं यावरून भांडायचं, टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाला दात नसलेला कंगवा विकायचा, बटाट्याची मुलाखत घ्यायची (बटाट्याला कमी बोलावं लागे, त्यामुळे त्या जागेसाठी वशिले लागत). मराठीत एक शब्द जरी तोंडातून गेला, तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून इंग्रजीत पश्चात्ताप व्यक्त करायचा. पद्धत अत्यंत परिणामकारक आहे. संस्थेच्या पाहणीनुसार शंभरातले ब्याण्णव विद्यार्थी निर्भीडपणे बोलू लागले. उरलेल्या आठांना पाहणीतला प्रश्न समजला नाही, कारण तो इंग्रजीत होता.

आजोबांच्या वाट्याला छत्री आली. छत्रीचं आत्मवृत्त आपण शाळेत लिहितो. इथे छत्री होऊन बोलायचं, आणि कुणी काहीही विचारलं तरी छत्री म्हणूनच उत्तर द्यायचं. आजोबांनी मान मोडून तयारी केली. भिंगं पुसता पुसता ते दुकानात पुटपुटत. आपली एक काडी मोडली आहे, असं त्यांनी एका गिऱ्हाइकाला इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्याने घाबरून नवाकोरा चष्मा परत केला.

"नातीशी बोलायचंय की पावसात उभं राहायचंय?" आजीने विचारलं.

रविवार उजाडला. नात पडद्यावर आली, तिने हात हलवला आणि पाठ वळवली. तीन वाक्यांतलं एकही आठवेना. तोंडाला वळण पडलं होतं तेच इंग्रजीत बाहेर आलं.

"मी छत्री आहे."

नात थांबली. परत आली. पडद्याला नाक लावून तिने विचारलं, "उघडी की मिटलेली?"

हा प्रश्न बाईंनी कधी काढला नव्हता. आजोबांनी विचार केला. "मिटलेली. दाराआड टांगलेली आहे."

"अंधार आहे तिथे?"

"आहे. पण शेजारी एक कोट असतो."

कोट काय बोलतो, त्याच्या खिशात कोण राहतं, हे सगळं ठरेपर्यंत पलीकडे नातीचं दूध गार झालं. आजोबांचं व्याकरण ठिकठिकाणी कोसळत होतं, पण नातीचंही वय सहाच होतं. आजीला काही कळलं नाही, तरी ती पदराने डोळे पुसत होती. शेवटी नातीने फोन बापाकडे दिला.

"बाबा, सगळं ठीक?"

"ठीक."

"तब्येत?"

"बरी आहे. तुझी?"

"बरी. आणखी?"

"आणखी काय, तू बोल."

"मी काय बोलणार, तुम्हीच बोला."

मग दोघांनीही बॅटरी संपत आल्याचं सांगून फोन ठेवला. ज्याला बोट धरून पहिला शब्द शिकवला, त्याच्याशी बोलायला काही सुचू नये, याचं आजोबांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंकडे अर्ज दिला: हेच सगळे उपक्रम मराठीत, मोठी झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील यांच्यासाठी. संस्थेने (नवकल्पनांना उत्तेजन देणं हे तिचं धोरण आहे) लगेच मान्यता दिली, खोली झाडून घेतली, खुर्च्या समोरासमोर मांडल्या. आजोबांनी मुलाला पत्रक पाठवलं. त्याने फोनवर उत्तरादाखल अंगठा पाठवला. गावातूनही एक नाव आलं नाही. बाईंनी घरोघर चौकशी केली, तेव्हा सगळ्यांनी जरासं हसून एकच सांगितलं, की आपल्याच माणसांशी बोलायला क्लास कशाला हवा.

तुम्हीही आत्ता तेच म्हणालात. हरकत नाही, नाव घालू नका. घरी फोन मात्र लावा. फक्त तब्येत विचारून झाल्यावर पुढचं वाक्य काय, ते लावण्याआधी ठरवून घ्या.