बंपरवरचं मेण

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मुद्रितशोधकाच्या लक्षात आलं, की सासऱ्यांच्या गाडीच्या काळ्या बंपरवर पांढरे डाग पडलेत आणि ते निघत नाहीत.

सासरे पाच वाजता येणार होते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आपली गाडी आठ दिवसांसाठी जावयाच्या हवाली केली होती, तीही दोन पानी लेखी सूचनांसकट. गाडी नीट सांभाळली तर किल्ली कायमची मुलीकडे, असं ठरलं होतं. मुलीची नवी नोकरी उद्यापासून होती. प्रयोगशाळा गावाबाहेर बावीस किलोमीटरवर, आणि तिकडे बस दिवसातून दोनदा. थोडक्यात, बायकोची नोकरी त्या बंपरवर येऊन अडली होती.

सूचना क्रमांक एक: 'या गाडीला आजवर एकही ओरखडा नाही.' क्रमांक नऊ: 'रविवारी नुसत्या पाण्याने धुवावी. घासू नये.' 'घासू नये'खाली दोन रेघा होत्या. पण सासऱ्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून जावयाने मेणाचं पॉलिश आणलं आणि पत्रा, दरवाजे, बंपर, सगळीकडे सढळ हाताने चोपडलं. पत्रा लखलखला. बंपरवर मात्र मेण वाळून असं दिसत होतं, की कोणी खडूचं डस्टर झटकलंय.

बायकोने बाटली उलटसुलट करून पाहिली. "यावर लिहिलंय, प्लास्टिकला लावू नये."

"कुठे?"

"हे काय, तळाला. बारीक अक्षरात."

"दिसलं नाही."

"लोकांच्या चुका शोधायचाच पगार घेतोस ना तू?"

त्याने ओलं फडकं फिरवलं. डाग गेले नाहीत, फक्त लांब झाले. मग त्याने आपल्या धंद्यातलं हत्यार काढलं, खोडरबर. त्याने मेण निघालं, पण वीस मिनिटांत तळहाताएवढंच. या हिशोबाने बंपर मंगळवारी संध्याकाळी संपला असता.

शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणावर कोपर टेकून हे बघत होते. "कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश घ्या," ते म्हणाले. "जोर लावू नका. लहान लहान गोल फिरवा."

"डॉक्टर, हा बंपर आहे."

"लोक हिरड्यांनाही बंपरच समजतात. म्हणून तर माझं चाललंय."

घरात मऊ ब्रश एकच होता आणि तो बायकोचा होता, हे बायकोला चार वाजता कळलं. त्यावर जे बोलणं झालं त्यात दहा मिनिटं गेली. पण उपाय लागू पडला. मेण साबणाबरोबर सुटत गेलं. साडेचारला तो डाव्या कोपऱ्यावर पोहोचला आणि तिथे फेस काळा यायला लागला.

त्याने बोट लावून वास घेतला. बुटाचं पॉलिश. तेही मेणच, एकाला जे काढतं ते दुसऱ्यालाही काढतं. पाणी ओतल्यावर खालून वीतभर लांबीचा ओरखडा वर आला. पोपटी रंगाचा.

"अगं, जरा बाहेर ये."

बायकोने ओरखडा पाहिला. मग दोघांनी मिळून आपल्या फाटकाकडे पाहिलं. गल्लीत पोपटी फाटक एकच होतं. गेल्या वर्षी ते कोणीतरी वाकवलं होतं आणि आळ पाण्याचे जार आणणाऱ्या टेम्पोवाल्यावर गेला होता.

"त्याला झापलं कोणी होतं?" जावयाने विचारलं.

"बाबांनी," बायको म्हणाली. "रस्त्यात उभं करून. पंधरा मिनिटं."

तेव्हापासून टेम्पोवाला जार गल्लीच्या तोंडाशीच उतरवायचा आणि जावई ते खांद्यावरून घरी आणायचा.

"सांगतोस की काय त्यांना?"

"काय सांगू?"

"बोललास, तर बाबा रागावून गाडी नेतील. गप्प बसलास, तर ओरखडा तू पाडलास म्हणून नेतील."

"मग मी करू काय?"

"आधी माझा ब्रश दे."

पाचला सासरे आले. हातात सूचनांची दुसरी प्रत. जावयाने किल्ली बॉनेटवर ठेवली. सासऱ्यांनी उजवीकडून फेरी सुरू केली, पत्र्यात स्वतःचा चेहरा पाहिला आणि "वा!" म्हणाले. डाव्या कोपऱ्यावर ते थांबले. ओरखडा, बादली, मग फाटक, असं सावकाश पाहून झालं.

"बंपर कशाने धुतलात, जावईबापू?"

"साबणाचं पाणी. आणि ब्रश."

"नुसत्या पाण्याने, असं लिहिलं होतं मी."

"हो, बाबा."

"घासू नये, असंही लिहिलं होतं."

"दोन रेघा मारून," बायको म्हणाली.

सासऱ्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. जावई सवयीने निघाला.

"थांबा," सासरे म्हणाले. "आज मी आणतो जार."

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी फाटकातून दिसत होतं ते असं: जार रस्त्यावर, सासरे मान खाली घालून उभे, आणि दहा मिनिटं झाली तरी बोलणं चालूच. या वेळी बोलत टेम्पोवाला होता. किल्ली अजून बॉनेटवरच होती.