फाटकाची कडी आणि नवी हार्डडिस्क

माणसानं घरात स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी बायकोला विचारावं. मी विचारलं नाही. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली हार्डडिस्क आपणच बदलायची, असं दसऱ्याच्या आदल्या दिवशी चहा पिता पिता ठरवून टाकलं. (माझे बहुतेक चुकीचे निर्णय चहासोबतच झालेले आहेत.)

कॅमेरा आमच्याकडे एकच, फाटकावर. आमच्या गल्लीत चोरी झाली तेव्हा लेकीनं, सुरभीनं, हट्टानं बसवून घेतलेला. टीव्हीखालच्या त्या काळ्या डब्यात, म्हणजे डीव्हीआरमध्ये, सगळं रेकॉर्ड होतं. पण आतली डिस्क लहान. महिनाभराचं साठलं की डबा सगळ्यात जुनं पुसून त्या जागी नवं भरतो. मी पडलो आवक-जावक क्लार्क. जुना कागदसुद्धा मी कधी फेकलेला नाही.

गणपती उठले आणि सुरभी नोकरीसाठी बंगळूरला गेली. ती गेली त्या सकाळचं रेकॉर्डिंग त्या डब्यात होतं. ती बॅगा ऑटोत ठेवते, मग परत येते, फाटकाची कडी लावते, कडीवर हात ठेवून जराशी घराकडे बघते आणि जाते. बस, एवढंच. पण या पोरीनं जन्मात कधी कडी लावली नव्हती. ती कॉलेजातून आली की फाटक सताड उघडं, शेजारच्या प्रभाकररावांची कपिला गाय आत, माझी शेवंती गायब. मी ओरडायचो, आणि ही त्याच गाईला वर पोळी आणून द्यायची. त्या दिवशी तिनं आपणहून कडी लावली आणि मला ते दिसलंच नाही, कारण मी ऑटोत बसून गाडी चुकेल म्हणून बोंबलत होतो.

ते मी नंतर टीव्हीवर बघितलं. मग रोज ऑफिसातून आलो की बघू लागलो. आवाज नाही, रंग उडालेले, चेहरा बोटाच्या पेराएवढा. तरी बघायचो. आमची भागीरथा स्वयंपाकघरातून बाहेर आली की घाईनं बंद करायचो आणि गल्लीत कोणी संशयित फिरतो का ते पाहतोय म्हणायचो. लेकीची फार आठवण येते, हे बायकोला सांगायची सोय नव्हती. स्टेशनवरून परतताना 'त्यात रडाचं काय' असं मीच ऐटीत म्हणालो होतो.

महिना भरत आला, म्हणजे आता ती सकाळ पुसली जाणार. कॅमेरा बसवणाऱ्या कैलासच्या दुकानातून मोठी डिस्क आणली. तो म्हणाला, रूपरावभाऊ, मी घरी येऊन बसवून देतो. पण मी काय जपून ठेवतोय हे त्याला दिसलं असतं, तर ते अख्ख्या वर्ध्याला कळलं असतं. मी म्हटलं, तू फक्त सांग. जुनी काढा, नवी लावा, मेनूत जाऊन फॉरमॅट करा, जुनी कपाटात ठेवा, तिच्यातलं कुठं जात नाही, असं त्यानं सांगितलं. (हवा तेवढा तुकडा पेनड्राइव्हवर काढून घेता येतो, हे त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं.)

दसऱ्याच्या सकाळी डबा उघडून जुनी डिस्क बाहेर काढली. भागीरथा अवजारांची पूजा मांडत होती. पाटावर विळा, पाना, शिलाई मशीनची कात्री. मी दोन्ही डिस्का तिथंच ठेवल्या आणि आंघोळीला गेलो. दोन्ही एकाच कंपनीच्या, बाहेरून एकाच मापाच्या, ओळखू न येणाऱ्या.

परत आलो तर एकीवर हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. दुसरी कोरी. मी मनात म्हटलं, चला, बायकोनं काम सोपं केलं. आमच्या घरी फ्रिज आला तेव्हा त्याला कुंकू लागलं, स्कूटर आली तेव्हा तिला लागलं. कुंकू नव्यालाच लागतं. लेबल वाचावं म्हटलं तर त्यावरच हळद. मी फूल काढलं, कुंकवाची डिस्क बसवली आणि फॉरमॅटवर गेलो. सगळा डेटा जाईल, चालेल का, असं डब्यानं विचारलं. नव्या डिस्केत डेटा कुठला? मी खुशाल होय म्हटलं.

मग पडद्यावर डिस्केतली एकूण जागा दिसली. अगदी जुनी होती तेवढीच.

"कुंकू कोणत्या डिस्केले लावलं?" मी ओरडून विचारलं.

"जुनीले."

"नवीले काऊन नाई?"

"दसऱ्याले राबलेल्या अवजाराची पूजा असते. नवीनं अजून कोणतं काम केलं?"

मी तिथंच खाली बसलो आणि काय गेलं ते खरं खरं सांगून टाकलं. मला वाटलं, आता माझी पूजा होणार. पण ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"कडी लावते, तेच ना?" ती म्हणाली. "मी रोज दुपारी पायत होती. तुमी ऑफिसात गेल्यावर."

इतके दिवस एकाच घरात दोघं चोरून रडत होतो, आणि चोर पकडायला कॅमेरा लावला होता.

तेवढ्यात सुरभीचाच फोन.

"बाबा, मोबाईलवर घर काऊन दिसून नाई राह्यलं?"

ती जेवणाच्या सुट्टीत रोज ॲपवर आमचं फाटक बघत असे, हे आम्हाला तेव्हा कळलं; डब्याची इंटरनेटची वायर मी परत लावलीच नव्हती. मी काही बोलायच्या आत भागीरथानं फोन ओढला आणि म्हणाली, "तुह्या बापानं तुले पुसून टाकलं."

दिवाळीला सुरभी आली. फाटक अर्थातच उघडं. नरकचतुर्दशीला मी अंगाला तेल लावून टॉवेलवर उभा, तोच कपिला आत शिरून अंगणातल्या ओट्यावरच्या फराळाच्या ताटाला भिडली. सुरभीसाठी आणलेल्या गोरसपाकावर, म्हणजे गाईच्या तुपातल्या बिस्किटांवर, तिनं जीभ फिरवली, आणि मी तसाच तिच्यामागे धावलो. दसऱ्यालाच बसवून टाकलेल्या नव्या डिस्केत ते सगळं आलं. टॉवेल सुटतो तेही. सुरभीनं ते हसून हसून पाहिलं आणि बघता बघता पेनड्राइव्हवर काढूनही घेतलं.

सुट्टी संपून ती परत गेली त्या दिवशी कडी लावायची विसरली. मीही लावली नाही. अंधार पडेपर्यंत फाटक तसंच उघडं राहू दिलं.

परवा फोनवर सांगत होती की घरची फार आठवण आली की ती तो व्हिडिओ लावते. मी हळूच विचारलं, त्यात सगळ्यात जास्त आठवण कोणाची येते?

"बाबा, राग नका मानू," ती म्हणाली, "पण कपिलाची."