शेठांचं 'हं'

पेणमधली दिनानाथशेठांची पोहे मिल विजेवर चालते, असा वीजवाल्यांचा समज होता. खरं तर ती चालायची शेठांच्या 'हं'वर. भात भिजला की हौसा विचारायची, "शेठ, काढू?" शेठ म्हणायचे, "हं." भट्टीपाशी जगन ओरडायचा, "शेठ, उतरवू?" "हं." पोतं शिवायला 'हं', टेम्पो सोडायला 'हं'. एकदा टेम्पोवाला मिथुन बायकोच्या बाळंतपणाची रजा मागायला आला तेव्हा शेठांच्या तोंडात पान होतं. त्यांनी पान थुंकेपर्यंत पोरगी जन्माला आली होती.

सगळं सुरळीत होतं. पण वडखळच्या चुलतभावाने आपल्या कंपनीत कसलंसं मॅनेजमेंट फ्रेमवर्क आणलं, भिंतीवर चौकटींचा तक्ता लावला आणि सगळ्यात वरच्या चौकटीत स्वतःचं नाव रंगवून घेतलं. ते बघून आल्यापासून शेठांना अन्न गोड लागेना. त्यांनी ठाण्याहून अंतरा नावाची सल्लागार बोलावली. ती दिवसभर मिलमध्ये कोपऱ्यात बसून राहिली आणि संध्याकाळी म्हणाली, "काका, तक्ता नंतर. आधी रोजचं काम पक्कं करू. कोणी काय ठरवायचं ते मी सगळ्यांना आठवडाभर शिकवते. मग तुम्ही तीन दिवस गावाबाहेर जायचं, फोन बंद. तुमच्याशिवाय मिल चालली, तर फ्रेमवर्क."

"आणि नाही चालली तर?"

"तर बसा 'हं' म्हणत."

आठवड्याने शेठ रोह्याला मेव्हण्याकडे निघाले. गाडीत बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण भलत्याच पेचात सापडलोय. मिल चालली तर तक्ता मिळणार, पण मग इतकी वर्षं आपण तिथे काय करत होतो? बंद पडली तर आपली किंमत कळणार, पण चुलतभाऊ हसणार. नागोठण्यापर्यंत त्यांनी मिल चालावी म्हणून देवाला हात जोडले, नागोठण्यानंतर बंद पडावी म्हणून.

अडीनडीला म्हणून मेव्हण्याचा नंबर त्यांनी घरी देऊन ठेवला होता.

"विष्णू, पेणहून फोन?"

"नाही, भाऊजी."

"रेंज गेली असेल. गच्चीवर जाऊन बघ."

विष्णू गच्चीवर जाऊन जाऊन दमला. वेळ जाईना म्हणून शेठ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहू लागले. विष्णूच्या बायकोने मिठाला हात घातला की मागून आवाज यायचा, "हं." ती दचकायची आणि पुन्हा एकदा मीठ घालायची. दोन दिवस घरात कोणाला आमटी खाववली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी "देवळात जाऊन येतो" म्हणून शेठ बाहेर पडले, ते थेट पेणच्या गाडीत बसले. मिलच्या मागच्या दाराने आत शिरून पोत्यांच्या थप्पीमागे लपले आणि हळूच डोकावले.

मिल झकास चालली होती. हौसाने भाताचा दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि बायकांना म्हणाली, "भिजलाय गो, काढा!" जगनने कोणाला न विचारता घाणा उतरवला, नवा चढवला. शेठांच्या खुर्चीत त्यांची बायको विमल बसली होती, तीही चक्क पाय वर घेऊन. शेठांना भरून आलं. अभिमानाने नव्हे, निव्वळ जळफळाटाने. आणि तेवढ्यात नाकात कोंडा गेला.

ती शिंक अख्खी मिल ओळखत होती.

"शेठ आलं!" हौसा ओरडली, आणि आठवडाभराचं शिक्षण क्षणात पुसलं गेलं. जगन भट्टी सोडून धावत आला. "शेठ, उतरवू?"

"शेठ, टेम्पो सोडू?" मिथुन.

"शेठ, दुसरा भात काढू का नको?"

शेठ 'हं' म्हणायला तोंड उघडत होते आणि शिंकत होते. सगळे अदबीने थांबले. त्यांच्यामागे भट्टीतून आधी वास आला, मग धूर.

"ओ शेठ, बोला ना काय तरी! जळतंय!" जगन काकुळतीला आला.

"हा... हा... हाक्छी!"

"व्हय म्हनलं का नाय म्हनलं?" जगनने हौसाला विचारलं. तोवर घाणा कोळसा झाला होता.

दुपारी अंतराने भिंतीवर तक्ता लावला. सगळ्यात वरच्या चौकटीत विमलचं नाव होतं. शेठ आपलं नाव शोधत शोधत पार कडेला पोचले. तिथे एक छोटी चौकट होती, 'दिनानाथ, रोहा शाखा'.

"रोह्यात आपली शाखा कुठाय?"

"तुम्ही पोचलात की उघडेल," विमल म्हणाली आणि कपड्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. "आणि हे बघा, मागच्या दाराला मी कुलूप लावलंय."

स्टेशनवर येऊन शेठांनी फोन चालू केला. लगेच वाजला. विष्णू होता.

"भाऊजी, ताईचा फोन आला होता. निघाला नसाल तर निघू नका. आज आमटी चांगली झालीय. ही म्हणते, आधी आमचं घर तुमच्याशिवाय चालतंय का ते बघू."

शेठ बाकावर बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांची कुठे गरज नव्हती, आणि ते फार लागलं. रोह्याची गाडी येऊन उभी राहिली. स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहावाल्याने टोपात डाव फिरवला आणि ओळखीचा चेहरा बघून सहज हाक मारली, "शेठ, जरा रंग बघा. उतरवू?"

शेठ ताडकन उठले. टोपात वाकून पाहिलं, घोटभर चाखला, डोळे मिटले. मागे गाडी सुटली.

"हं," ते म्हणाले, आणि पिशवी टपरीच्या आत ठेवली.